सरळ उतार की फेऱ्याची वाट? सातपुड्यातल्या एका संध्याकाळचं प्रकरण

हे कशाबद्दल आहे

तोरणमाळच्या बाजूच्या एका पठारावरून खाली उतरताना पाच जणांच्या ग्रुपनं वळणांची वाट सोडून सरळ उताराचा शॉर्टकट घेतला, त्यात एकीचं मनगट मोडलं आणि वेळ वाचवायला घेतलेल्या शॉर्टकटमुळेच गाडीही चुकली, एवढंच प्रकरण. कोणी दरीत पडलं नाही, हेलिकॉप्टर बिलिकॉप्टर काही नाही. पण अशी छोटी प्रकरणंच जास्त होतात आणि ती कोणी लिहून ठेवत नाही म्हणून हे लिहितोय.

माणसांची, पाड्याची ओळख काढून टाकली आहे. वाटेचं नेमकं ठिकाणही सांगत नाही, कारण सांगितलं तर पुढच्या रविवारी कोणीतरी तोच शॉर्टकट शोधत जाईल, आपल्याकडे हे नेहमीचं आहे. मी त्या दिवशी सोबत नव्हतो. नंतर पाचही जणांशी वेगवेगळं बोललो (एकत्र बसवलं की सगळे लीडरच्या तोंडाकडे बघतात), मोबाईलमधल्या फोटोंच्या वेळा जुळवल्या, धाकट्याच्या घड्याळातला जीपीएस ट्रॅक घेतला आणि मग पाड्यावरच्या एका माणसाला सोबत घेऊन ती जागा खालून वर बघून आलो.

पार्श्वभूमी

ग्रुप धुळे-शिरपूरकडचा. लीडर पस्तिशीचा, सह्याद्रीत भरपूर फिरलेला, सातपुड्यात तसा नवा. नाना पंचावन्नचे, तब्येत चांगली पण डाव्या गुडघ्याची जुनी तक्रार. ताई हायस्कूलवर शिकवतात, चालायला एकदम काटक. आणि नानांचे दोन भाचे, कॉलेजातले, त्यांना थोरला आणि धाकटा म्हणू.

जीपनं सातपायरी घाटातून वर तोरणमाळला जायचं, यशवंत तलावाजवळ एक चक्कर, मग पठारावर दोन मुक्काम (एका पाड्यावर परवानगी घेऊन, अंगणात टेंट), आणि तिसऱ्या दिवशी दुपारनंतर पठाराच्या दुसऱ्या कडेनं पायी खाली उतरायचं, असा त्यांचा प्लॅन होता. खाली डांबरी रस्त्यावर सहा वाजता ठरवलेली क्रूझर उभी राहणार होती. तोरणमाळ समुद्रसपाटीपासून ११४३ मीटरवर आहे, पण उतरायची उंची तेवढी नसते, कारण पायथाही बराच उंचावर असतो. या वाटेनं कडेपासून खालच्या सपाटीपर्यंतचा शेवटचा टप्पा साधारण ३०० मीटर उंचीचा आणि पुढे रस्त्यापर्यंत एक किलोमीटर शेतातून.

दिवस फेब्रुवारीतले. महाशिवरात्रीची यात्रा अजून पुढे होती त्यामुळे वर गर्दी नव्हती, हवा छान. पण या दिवसात सागाची पानं गळून पडलेली असतात. सागाचं पान म्हणजे ताटाएवढं, वाळलं की कडक, आणि उतारावर त्याचा थर साचला की खाली दगड आहे, खड्डा आहे की मोकळा मुरूम आहे काही कळत नाही. पावसाळ्यातल्या शेवाळाला सगळे घाबरतात, या पानांना कोणी मोजत नाही.

सॅक घरी गेल्यावर त्यांनी वजनकाट्यावर ठेवल्या, तेव्हा लीडरची १६ किलो भरली, नानांची १३, पोरांच्या १२-१२, ताईंची ९. हे परतीचं वजन, म्हणजे दशम्या, खिचडीचं सामान आणि बरंचसं पाणी संपल्यावरचं. नानांच्या सॅकेत एक अख्खं जाड चादरीचं गाठोडं होतं, त्याबद्दल घरात अजून वाद चालू आहे.

अडचण कुठून सुरू झाली

सगळे म्हणतात खाली उतरायच्या दोन वाटा फुटतात त्या फाट्यावर. माझ्या मते त्याआधी दुपारी, पाड्यावरच. शेवटच्या मुक्कामाच्या पाड्यावरून निघायची वेळ अडीच ठरली होती, पण तिथल्या बाईंनी आग्रह करून भाकरी आणि उडदाची डाळ केली, पोरं ओढ्यात आंघोळीला गेली, नाना जरा पडले आणि निघायला पावणेचार वाजले. यात कोणाची चूक काढण्यासारखं काही नाही, ट्रेकला जायचं ते यासाठीच. फक्त निघताना कोणीतरी म्हणायला हवं होतं की आता सहाची गाडी मिळणं अवघड आहे, तर काय करायचं. कोणी म्हणालं नाही. सगळ्यांच्या डोक्यात सहाच राहिले.

पठाराच्या कडेवर ४:५० ला ताईंनी एक फोटो घरच्या ग्रुपवर टाकला आणि तो गेला. म्हणजे तिथे रेंज होती! ड्रायव्हरला एक फोन लावून "दादा, अर्धा तास उशीर होईल, वेटिंगचे काय ते घ्या" एवढं बोलता आलं असतं. ड्रायव्हरनं सकाळीच सांगितलं होतं की रात्री त्याला लग्नाचं भाडं आहे, सव्वासहाच्या पुढे थांबणार नाही. तरीही फोन झाला नाही. लीडर म्हणाला डोक्यातच आलं नाही, आपण पोहोचूच असं वाटत होतं.

५:०५ ला ते फाट्यावर आले. तिथून मळलेली वाट डावीकडे आडवी जाते आणि मग वळणं घेत घेत उतरते, मोठी-छोटी धरून अकरा वळणं. आणि समोर, दोन सागांच्या मधून, एक बारीक वाट सरळ खाली. सूर्य मावळायला दीड तास होता.

समोर काय काय पर्याय होते

पहिला, सगळ्यांनी फेऱ्याच्या वाटेनं जायचं. लीडरचा अंदाज सॅकसकट पाऊण तास आणि पुढे रस्त्यापर्यंत पंधरा मिनिटं, म्हणजे सहा-पाच. सव्वासहाच्या आत बसत होतं, पण काठावर.

दुसरा, सगळ्यांनी सरळ उतरायचं. थोरला म्हणाला पंधरा मिनिटात खाली.

तिसरा, दोघा पोरांनी पुढे पळून गाडी धरून ठेवायची आणि बाकीच्यांनी निवांत यायचं. हे धाकट्यानं सुचवलं. लीडरनं लगेच नाही म्हटलं कारण ग्रुप फोडायचा नाही हा त्याचा नियम. नियम चांगला आहे, पण तो अनोळखी जंगलासाठी आहे. इथे मळलेली वाट होती, उजेड होता, खाली शेतं दिसत होती आणि दोघं जोडीनं जाणार होते. मला विचाराल तर त्या क्षणी हाच पर्याय सगळ्यात चांगला होता, अट एकच, पोरांनीही वळणांच्याच वाटेनं जायचं.

चौथा, परत फिरून पाड्यावर राहायचं. हा कोणी उच्चारलाच नाही. दुसऱ्या दिवशी सोमवार, ताईंची शाळा.

आता इथे थोडा हिशोब, कारण सगळा निर्णय "शॉर्टकटनं वेळ वाचतो" या एका गृहीतकावर झाला. १८९२ मध्ये नेस्मिथ नावाच्या स्कॉटिश गिर्यारोहकानं चालायच्या वेळेचा एक सोपा नियम मांडला, सपाटीवर तासाला साधारण ५ किलोमीटर आणि चढाला वेगळी भर. पुढे लँगमुर यांनी त्यात उताराची दुरुस्ती केली. उतार ५ ते १२ अंशांचा म्हणजे आरामाचा असेल तर दर ३०० मीटर उतरण्यामागे १० मिनिटं वजा करायची, आणि १२ अंशांपेक्षा तीव्र असेल तर उलट १० मिनिटं वाढवायची. म्हणजे तीव्र उतारावर माणूस हळू होतो हे त्या हिशोबातच धरलेलं आहे.

ही वळणांची वाट सरासरी ८ अंशांनी उतरते. ३०० मीटर उतरायला नकाशावरचं अंतर होतं साधारण २.१ किलोमीटर, वेळ २६ मिनिटं, त्यातून १० वजा, म्हणजे १६. सरळ उतार सरासरी ३५ अंशांचा, नकाशावर अंतर फक्त ४३० मीटर, वेळ ५ मिनिटं, त्यात १० मिळवा, म्हणजे १५. फरक एक मिनिटाचा! आणि हा हिशोब बरं चालणाऱ्या, हलकं ओझं असलेल्या माणसाचा, ज्याच्या पायाखाली जमीन धड आहे. पाठीवर १३ किलो, पायाखाली पानं आणि गुडघा तक्रार करणारा असेल तर दोन्ही आकडे वाढतात, पण सरळ उताराचा कितीतरी जास्त वाढतो. शिवाय सरळ उतारावर पाच जणांना एकाच वेळी उतरता येत नाही, वरच्याच्या पायानं सुटलेला दगड खालच्याच्या डोक्यात जातो, म्हणून थांबत थांबत एकेकानं उतरावं लागतं. हा वेळ कोणी धरतच नाही.

म्हातारबाबांना विचारलेला प्रश्न

माझ्या मते या प्रकरणातली मुख्य गोष्ट ही आहे.

फाट्यावर एक म्हातारे पावरा आदिवासी बाबा बकऱ्या घेऊन आले. नानांनी विचारलं, "बाबा, ही वाट खाली जाते का?" बाबा म्हणाले, "जाते ना. आमी जातो." आणि थोडं थांबून म्हणाले, "तुमी त्या वाटेनं जा." आणि स्वतः बकऱ्यांमागे सरळ वाटेनं उतरून दोन मिनिटात दिसेनासे झाले, पायात साधी चप्पल.

हे बघितल्यावर थोरला म्हणाला, "मामा, सत्तर वर्षांचा माणूस उतरला ना भो, आपण काय दूधपिते आहोत का?" आणि सगळे हसले. बाबांचं दुसरं वाक्य "शहरातल्या लोकांना जमायचं नाही" या अर्थानं घेतलं गेलं, म्हणजे सल्ला होता तो टोमणा झाला.

मी गेलो तेव्हा पाड्यावर वेगळ्या पद्धतीनं विचारलं. "मोळी डोक्यावर असली तर कुठून जाता? बाजारातून पोतं आणलं तर? आजारी माणसाला झोळीत घालून न्यायचं तर?" तिन्हीला उत्तर एकच, फेऱ्यानं. सरळ वाट ही बकऱ्यांची आणि रिकाम्या हातांच्या माणसाची, तीही ज्याला तिथला प्रत्येक दगड पाठ आहे त्याची. म्हणजे स्थानिक माणूस ओझं घेऊन त्या वाटेनं जातच नाही आणि आपण १३ किलो घेऊन त्याची नक्कल करायला निघतो.

"वाट जाते का" या प्रश्नाला डोंगरात नेहमी होच उत्तर येतं, कारण वाट खरंच जाते. विचारायचं असतं की ओझं घेऊन तुम्ही कुठून जाल. आणि त्यांनी न विचारता काही सांगितलं तर ते वाक्य सगळ्यात जास्त कान देऊन ऐकायचं.

का ठरलं असं

लीडरनं एकदा उतार बघितला. वरून चाळीस एक मीटरपर्यंत दिसत होतं आणि तेवढा भाग खरंच सोपा आहे, मातीचा, झाडं धरायला. पुढचं दिसत नव्हतं कारण उतार पोट सुटल्यासारखा मध्ये फुगलाय, वर सौम्य आणि खाली जास्त जास्त तीव्र. असा उतार वरून बघणाऱ्याला नेहमी फसवतो. नकाशावर हे कळतं, उंचीच्या रेषा वर विरळ आणि खाली दाट असतात. लीडरच्या मोबाईलमध्ये ऑफलाइन नकाशा होता, पण त्यानं तो फाट्यावर फक्त अंतर बघायला उघडला, रेषा बघायला नाही. आणि ते वर जीपनं दुसऱ्याच बाजूनं आले होते, त्यामुळे हा उतार खालून कोणी पाहिलेलाच नव्हता.

अजून एक गोष्ट. सातपुड्याचा हा भाग बेसॉल्टचा, लाव्ह्याचे थर एकावर एक. कडक थराचा उभा कातळ, मग मऊ थराचा मातीचा उतार, परत कातळ. डोंगर खालून बघितला की पायऱ्या दिसतात त्या याच. मग सरळ रेषेत उतरलं तर प्रत्येक कातळपट्टा कुठेतरी आडवा येणारच. वळणांची वाट ज्यांनी पाडली त्यांनी कातळ जिथे फुटलाय तिथपर्यंत आडवं जाऊन मग उतरवलीय, ती वळणं काही हौस म्हणून नाहीत.

नानांनी "माझ्या गुडघ्याचं काय" असं विचारलं, हे तिघांना आठवतं. लीडर म्हणाला, "नाना, अंतर कमी म्हणजे गुडघ्यालाही कमी त्रास." ऐकायला बरोबर वाटतं, आहे उलटं. उतरताना मांडीचा स्नायू ताणला जात असतानाच ब्रेकचं काम करतो, आणि पाऊल जेवढं खोल तेवढा ब्रेक जोरात आणि गुडघ्यावर भार जास्त. वळणांवर पावलं जास्त पण प्रत्येक पाऊल हलकं. सरळ उतारावर पावलं कमी, पण प्रत्येक पाऊल धाडकन. मांड्यांना कापरं भरतं ते यानं.

ताई काहीच बोलल्या नाहीत. त्यांना फेऱ्यानं जायचं होतं, पण "माझ्यामुळे उशीर झाला असं नको" म्हणून गप्प राहिल्या. हे त्यांनी मला सांगितलं, लीडरला अजून सांगितलेलं नाही, आता इथे वाचेल.

उतारावर

५:१२ ला निघाले. थोरला पुढे, मग धाकटा, ताई, नाना, शेवटी लीडर. पहिली चाळीस मीटर मजेत. मग पानं सुरू झाली. नाना दोनदा बसले, म्हणजे घसरून बसले. नानांकडे काठी होती, चढासाठी आखूड केलेली तशीच होती. उतरताना ती पाच-दहा सेंटीमीटर लांब करावी लागते, नाहीतर टेकवायला पुढे वाकावं लागतं. बुटांच्या लेस सैल, त्यामुळे अंगठा पुढे आदळत होता, त्यांच्या दोन्ही अंगठ्यांची नखं नंतर काळी पडली.

५:२५ ला नानांच्या पायाखालून नारळाएवढा दगड सुटला. नाना ओरडले "दगड!" आणि ताई बाजूला झाल्या, धाकट्याच्या दोन हातांवरून गेला. इथे सगळ्यांची हवा गेली. थोरला सोडून सगळ्यांना कळलं की हे चुकलंय. पण कोणी थांबा म्हणालं नाही, कारण पंधरा मिनिटं तर झालीच आहेत, आता खाली जवळ असेल. ट्रॅक सांगतो की तेव्हा ते ३०० पैकी जेमतेम ९० मीटर उतरले होते.

५:३१ ला कातळपट्टा लागला. फार नाही, कमरेएवढी पायरी, खाली मुरुमाचा घसारा. पोरं उडी मारून उतरली. ताईंनी तोंड दरीकडे करून बसून उतरायचं ठरवलं, आपण सगळे असंच करतो. पण त्यांच्या सॅकेच्या खाली मॅटची गुंडाळी आडवी बांधलेली होती. त्या बसून पुढे सरकल्या, गुंडाळी मागच्या कातळाला टेकली आणि तिनंच त्यांना पुढे ढकललं. घसाऱ्यावर उजवा हात टेकून पडल्या. हातातलं स्टीलचं कडं दगडावर वाजलेला आवाज लीडरला वरपर्यंत ऐकू आला.

अशा जागी सॅक आधी काढून खाली द्यायची, मग तोंड कातळाकडे करून उतरायचं. याला प्रत्येकी दोन मिनिटं लागतात. पाच जणांची दहा. थोरल्याच्या पंधरा मिनिटांतली दहा इथेच संपली असती.

त्यानंतरचं काम मात्र लीडरनं व्यवस्थित केलं, हे लिहायलाच पाहिजे. आधी सगळ्यांना घसाऱ्यातून बाजूला, एका झाडामागे घेतलं. सूज चढायच्या आत कडं आणि अंगठी काढायला लावली (पाणी लावून, जरा रडवून, पण निघाली). फोल्डिंग मॅटचा तुकडा कापून मनगटाभोवती, वरून नानांचा गमछा, आणि ताईंच्या ओढणीची झोळी. बोटं हलतात का, गार पडली का बघितलं. पाणी पाजलं. वीस मिनिटं गेली, पण ती घालवायचीच होती.

दुसरा निर्णय

५:५० ला परत तोच प्रश्न, आता कुठून? वर फाट्यापर्यंत शंभर-सव्वाशे मीटरची चढाई, खाली उरलेला सरळ उतार, किंवा आडवं. लीडरचं पहिलं वाक्य होतं, "आता अर्धं झालंय, उतरून टाकू." इथे ताई पहिल्यांदा ठामपणे बोलल्या, "एका हातानं मी हे उतरणार नाही." बस. त्यावर वाद झाला नाही.

धाकट्यानं नकाशा मोठा करून बघितला तर वळणांच्या वाटेचं एक टोक त्यांच्या पूर्वेला सत्तर-ऐंशी मीटरवर येत होतं, जवळपास त्याच पातळीवर. आणि कातळपट्ट्याच्या बुडाशी बकऱ्यांची एक आडवी वाट त्याच दिशेला जात होती. थोरला सॅक ठेवून बघून आला, जाते म्हणाला. सगळे त्या आडव्या वाटेनं, ताई डोंगराच्या बाजूला आणि लीडर दरीच्या बाजूला, असे ६:०५ ला मळलेल्या वाटेवर आले. मला हा निर्णय आवडला. आधी जाऊन बघणं, तेही सॅक न घेता, हे फाट्यावर केलं असतं तर पुढचं काही झालंच नसतं.

ताईंची सॅक थोरल्यानं छातीवर घेतली, पाठीवर स्वतःची. याबद्दल माझा आणि लीडरचा वाद आहे. छातीवर सॅक घेतली की स्वतःचे पाय दिसत नाहीत आणि अंधार पडत होता. ती सॅक झाडाला बांधून सकाळी पाड्यावरच्या कोणाला तरी पैसे देऊन आणवता आली असती. लीडर म्हणतो त्यात ताईंचं पाकीट, चाव्या, शाळेचे कागद होते. मग पाकीट काढून घ्या की!

पुढे काय झालं

६:४५ ला सपाटी, सात वाजता रस्ता. हेडटॉर्च पाच जणांत दोन, बाकी मोबाईल. क्रूझर ६:२० ला निघून गेली होती. ड्रायव्हरला दोष देता येत नाही, त्यानं सांगितलं होतं तेवढं आणि वर पाच मिनिटं तो थांबला. फेऱ्यानं आले असते तर लीडरच्याच अंदाजानं ते सहा-पाचला गाडीत बसले असते. मी नंतर त्याच वाटेनं तेवढंच वजन घेऊन उतरलो, चाळीस मिनिटांच्या आत खाली आलो, आणि मी काही फार चपळ माणूस नाही.

१०८ ला फोन करायचा विचार झाला, पण ताई चालत होत्या, शुद्धीवर होत्या, म्हणून पाड्यावरच्या एकाच्या पिकअपनं तालुक्याच्या गावी गेले. दीड हजार रुपये. वेटिंगला ड्रायव्हरनं तीनशे घेतले असते. एक्स-रेत मनगटाजवळचं हाड मोडलेलं निघालं, सहा आठवडे प्लॅस्टर. उजवा हात, आणि पुढे दहावीच्या पेपर तपासणीचे दिवस. नानांना तिसऱ्या दिवशी जिना उतरताना कठड्याला धरून उलटं उतरावं लागत होतं, गुडघा मात्र आठवड्यात ठीक झाला.

वेगळं काय करता आलं असतं

फोनचं वर आलंच. माझ्या यादीत ते सगळ्यात वर, कारण पुढची सगळी घाई त्या एका फोननं मिटली असती.

निघायला उशीर झाला तेव्हाच नवीन वेळ ठरवून सगळ्यांना सांगायची. सव्वा तास उशिरा निघालो तर सव्वा तास उशिरा पोहोचू, हे इतकं सरळ आहे की कोणी उच्चारत नाही.

फाट्यावर प्रत्येकाला वेगळं विचारायचं, आणि सगळ्यात हळू चालणाऱ्याला किंवा ज्याला काही दुखतंय त्याला आधी. लीडरनं आधी स्वतःचं मत सांगितलं की बाकीच्यांना फक्त मान हलवायची उरते. नानांचा प्रश्न हा खरं तर त्यांचा नकार होता, नात्यातली पोरं समोर असताना पंचावन्नचा माणूस याहून स्पष्ट नाही म्हणत नाही.

दगड सुटला तेव्हा, ५:२५ ला थांबायचं होतं. तिथून परत वर यायला वीस मिनिटं लागली असती, जी नंतर ओढणीची झोळी बांधण्यातच गेली.

शॉर्टकट कधीच घ्यायचा नाही असं माझं म्हणणं नाही, पण माझ्या अटी आहेत. खालपर्यंत पूर्ण दिसतोय, जमीन कोरडी आणि घट्ट, पाठीवर ओझं नाही, आणि वाट आधीपासून तिथल्या लोकांच्या वापरातली आहे. ओझं असलं की माझं उत्तर नाही. शिवाय दोन वळणांच्या मधून कापून जाण्याचा त्रास वाटेलाही होतो. पायानं पडलेल्या त्या सरळ रेषेतून पावसाळ्यात पाणी धावतं, माती वाहते, मग तिथे घळ होते आणि ती वरची-खालची दोन्ही वळणं खाऊन टाकते. या वाटेवरच्या चौथ्या वळणाला हे झालेलं आहे, मोळी घेऊन येणाऱ्या बायकांना तिथे आता घळीत उतरून परत चढावं लागतं. आपण वर्षातून एकदा जातो, त्या रोज.

लीडर हे सगळं मान्य करतो, एक सोडून. त्याचं म्हणणं, तिसरा पर्याय म्हणजे पोरांना पुढे पाठवणं त्यानं आजही नाकारलं असतं, कारण त्या दोघांना तो ओळखतो, ती वळणांच्या वाटेनं गेलीच नसती, पहिल्या वळणावरूनच सरळ खाली सुटली असती. थोरल्याला विचारलं तर तो हसतो. धाकटा म्हणतो मी गेलो असतो फेऱ्यानं, पण हा नसता आला.